वरातीमागून घोडे नकोत : कबूल केलेली तारीख पाळायची कशी?



कारखान्याचा माल गिऱ्हाइकाला वेळेवर गेला नाही, तर त्याच्याशी सभासदाचा काय संबंध, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. आम्ही ऊस घातला, काटा झाला, पावती खिशात पडली. पुढे साखर केव्हा भरायची आणि ट्रक केव्हा सोडायचा हे ऑफिसवाले पाहतील, असे आपण सहज म्हणून जातो. पण जरा खोलात जाऊन पाहिले तर संबंध अगदी जवळचा आहे. साखरेचा ट्रक बाहेर पडल्याशिवाय व्यापाऱ्याचा पैसा येत नाही. पैसा येईपर्यंत गोदामातल्या साखरेवर काढलेल्या मालतारण कर्जाचे व्याज दिवसागणिक चढत असते. आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावयाचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर दर साल १५ टक्के व्याजासह. ते व्याज द्यावे लागले तरी जाते कोणाच्या खिशातून? सहकारी संस्था आपली, म्हणजे तो खिसाही आपलाच.

शिवाय साखरेच्या विक्रीला महिन्याची चौकट आहे. जून २०१८ पासून केंद्र सरकार कारखान्यागणिक दर महिन्याचा विक्रीचा कोटा ठरवून देऊ लागले. महिन्याची साखर त्या महिन्यातच बाहेर काढायची. म्हणून ‘आज नाही तर उद्या’ हे धोरण चालत नाही. ज्या कारखान्यांना आसवनी आहे त्यांना तेल कंपन्यांना इथेनॉल द्यायचे असते, तेही करारातल्या मुदतीप्रमाणे.

तेव्हा कबूल केलेली तारीख पाळणे हे नुसते सचोटीचे काम नाही, ते हिशेबाचे काम आहे. हा हिशेब नियोजन विभागात कसा मांडतात, तो कोठे चुकतो आणि तो चुकू नये म्हणून काय करावे, हे या लेखात साध्या भाषेत सांगण्याचा विचार आहे.

उशीर जन्मतो कोठे?

प्रथम माझीच एक चूक सांगतो. मी या कामात नवखा होतो त्या वर्षांतली, दुसऱ्या एका ठिकाणची गोष्ट. ठिकाणाचे नाव घेण्याचे कारण नाही. चूक माझी होती.

गाळपाचा हंगाम भरात होता. रोजचे गाळप २५०० टन, उतारा सरासरी १० टक्के. म्हणजे दिवसाला २५०० क्विंटल साखर, ५० किलोची ५००० पोती. एका व्यापाऱ्याचा फोन आला : एम ग्रेडची, म्हणजे मोठ्या दाण्याची, ६००० पोती पाहिजेत, केव्हा देता? मी मनात गुणाकार केला. रोज ५००० पोती निघतात, मागणी ६००० पोत्यांची. दोन दिवसांचे काम. वर तीन दिवस सवड ठेवू. मोठ्या ऐटीत सांगितले, ‘पाचव्या दिवशी गाड्या पाठवा.’

पाचव्या दिवशी सकाळी फाटकावर १५ ट्रक उभे राहिले. ट्रकला ४०० पोती, त्याप्रमाणे बरोबर १५. आणि गोदामात पाहतो तो त्यांच्यासाठी साखर फक्त पाच ट्रकांची!

झाले होते असे. रोजच्या ५००० पोत्यांत एम ग्रेडची पोती फक्त १००० निघत होती. मोठा दाणा वाढवायला पॅनमध्ये जास्त वेळ लागतो, त्यामुळे तो वाटेल तेवढा काढता येत नाही. गोदामात एम ग्रेडची शिल्लक १००० पोती होती. पण त्याआधीच दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांना ४००० पोती कबूल झालेली होती आणि ती वही मी उघडून पाहिलीच नव्हती. आता नीट हिशेब करा. आधीची ४००० आणि नवी ६००० मिळून १०,०००. त्यातून शिल्लक १००० वजा जाता ९०००. रोज १००० प्रमाणे नऊ दिवस. मध्ये एक दिवस साफसफाईसाठी गाळप बंद राहिले, तो दहावा.

दहा ट्रक चार-पाच दिवस आवारात ताटकळले. ड्रायव्हर मंडळींनी तिथेच विटांच्या चुली मांडल्या. त्यांतला एक साकोलीकडचा होता. मी त्याची समजूत घालायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, ‘मी तं आपल्या मनानं आलो नाही ना जी. तारीख तुमीच देल्ली.’ त्याच्या या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

व्यापाऱ्याने शेवटचा ट्रक पोचेपर्यंत पैसे अडवून धरले, आणि पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्या पंधरवड्याची बिले लांबली. मुलीच्या कॉलेजची फी भरायची म्हणून एक सभासद काका हिशेब खात्यात आले होते. ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटल्यावर ते भांडले नाहीत, ओरडले नाहीत. पावतीची घडी केली, टोपी सारखी केली आणि निघून गेले. ते भांडले असते तर बरे वाटले असते.

यातून मला जे कळले ते एका वाक्यात सांगतो. उशीर दहाव्या दिवशी झाला नव्हता. मी फोनवर तारीख सांगितली त्याच क्षणी तो झाला होता. पुढचे नऊ दिवस आम्ही फक्त तो उशीर डोळ्यांनी पाहत होतो. माल अडकल्यावर रात्रपाळ्या करणे, फोनाफोनी करणे, हमालांवर ओरडणे हे सारे वरातीमागून घोडे. खरे नियोजन तारीख देण्याच्या आधी असते.

अरुंद जागा ओळखा

आपण भंडारा जिल्ह्यातली माणसे, निम्मे उसाचे तर निम्मे धानाचे. रोवणीचा हिशेब आपल्या घराघरांत ठाऊक आहे. चिखलणीला ट्रॅक्टर मिळतो, तो दिवसाला पाच एकर चिखल करून देतो. पऱ्हेही भरपूर आहेत. पण रोवणाऱ्या बायांची टोळी दिवसाला दोनच एकर रोवते. मग दहा एकरांची रोवणी किती दिवसांत होईल? ट्रॅक्टरकडे पाहणारा म्हणेल, दोन दिवसांत. टोळीकडे पाहणारा म्हणेल, पाच दिवसांत. खरे कोणाचे होईल हे सांगायला नको.

कारखान्याचे अगदी असेच आहे. काटा, गव्हाण, मिल, बॉयलर, पॅन, सेंट्रिफ्यूगल, ड्रायर, पोती भरणे, गोदाम, ट्रक भरणे अशी ही साखळी आहे. साखळीतल्या सर्वांत अरुंद जागेतून जेवढे निघेल तेवढेच बाहेर पडणार. बाकीची यंत्रे कितीही दणकट असोत. एलियाहू गोल्डरॅट नावाच्या इस्राएलच्या पदार्थविज्ञानाच्या शास्त्रज्ञाने १९८४ साली ‘द गोल’ ही कारखान्यावरची कादंबरी लिहून हाच विचार जगभर पोचवला. पण जी शेतकरीण आधी टोळी ठरवते आणि मग ट्रॅक्टर सांगते, तिला हा विचार पूर्वीपासून कळलेला आहे.

अरुंद जागा नेहमी यंत्रच असते असे नाही. माझ्या प्रकरणात ती एम ग्रेडची होती. दुसऱ्या मागणीत ती ट्रक भरणारी हमालांची टोळी असेल. आपल्या जिल्ह्यातले कोशाचे कापड घ्या. मोहाडी, आंधळगाव भागातल्या कोसा विणकराकडे नवा व्यापारी आला की विचारतो, माग किती? खरा जाणकार विचारतो, सूत किती हाताशी आहे? कारण कोसा हा ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळतो. कोशांचा हंगाम ठरलेला, आणि कोशातून सूत काढण्याचे काम निगुतीचे. माग रिकामा उभा आणि सूत वाटेवर, अशी स्थिती असेल तर मागांच्या संख्येवरून दिलेली तारीख खोटी ठरते.

कधी कधी अरुंद जागा आपल्या फाटकाबाहेरही असते. हमीभावाने घेतलेले सरकारी धान आपल्याकडच्या राइस मिला भरडून देतात. क्विंटलमागे ६७ किलो कच्चा तांदूळ ठरलेल्या मुदतीत जमा करायचा असतो. मिलची भरडाई कितीही वेगाने झाली, तरी सरकारी गोदामात उतरवून घ्यायला जागा नसेल तर ट्रक बाहेर उभेच राहणार. तेव्हा तारीख देण्यापूर्वी आपल्या यंत्राबरोबर पलीकडच्या दाराचीही चौकशी करावी.

पऱ्हे एकदम टाकू नका

दुसरी चूक अति उत्साहाची. मागणी आली की काम लगेच सुरू करायचे, म्हणजे लवकर संपेल, असे वाटते. सगळ्या बांध्यांचे पऱ्हे एकाच दिवशी टाकले तर काय होते ते आपण जाणतो. टोळी पोचेपर्यंत शेवटच्या बांधीचे पऱ्हे वयात येऊन जातात. तीन-साडेतीन आठवड्यांचे पऱ्हे लावले तर फुटवा चांगला. चाळीस दिवसांचे लावले तर फुटवे कमी. लवकर सुरुवात केली, पण लवकर काही संपले नाही. उलट नुकसान झाले.

उसाचे तर याहून नाजूक. तोडलेल्या उसाचे वजन आणि त्यातली साखर दर तासाला घटत असते. तोडल्यापासून २४ तासांत ऊस गव्हाणीत पडावा, हे सर्वमान्य आहे. आता एक सोपा हिशेब पाहा. कारखाना तासाला सुमारे १०४ टन ऊस गाळतो आणि आवारात १२५० टन ऊस उभा आहे. शेवटच्या गाडीला किती थांबावे लागेल? १२५० भागिले १०४, म्हणजे १२ तास. आवारात २५०० टन उभा राहिला तर २४ तास. म्हणजे जास्त ऊस तोडून आणल्याने गाळप तसूभर वाढले नाही, फक्त रांग वाढली, बैलांचे हाल झाले आणि उतारा घसरला.

कोणत्याही कारखान्याला हा नियम लागू आहे. रांगेत जेवढे काम, भागिले तासाला बाहेर पडणारे काम, तेवढी थांबण्याची वेळ. अर्धवट कामे जितकी जास्त पसरून ठेवाल तितका प्रत्येक मागणीला उशीर जास्त. एक ना धड भाराभर चिंध्या. म्हणून अरुंद जागा जेवढे पचवील तेवढेच काम वरून सोडावे. बाकीचे कागदावर थांबू द्यावे. कागदावर थांबलेल्या कामाचा क्रम बदलता येतो. यंत्रात शिरलेल्या कामाचा बदलत नाही.

बारदाना आहे ना?

धान खरेदीच्या केंद्रावर गेलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पाठ आहे. धान तयार आहे, काटा मोकळा आहे, हमाल हजर आहेत. पण बारदाना नाही, म्हणून सारे ठप्प. एका पोत्यावाचून पोतेभर धान अडते.

साखरेचेही तेच. पोती, त्यांवरचा छाप, शिलाईचा दोरा, प्रयोगशाळेचा दाखला, ट्रकचे कागद, यांतले एक जरी नसले तरी साखर हलत नाही. लाखनीजवळ गडेगावला १९८२ पासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. अशा कारखान्यात एका गिअरबॉक्ससाठी किती तरी सुटे भाग लागतात. त्यांतले सगळे आले आणि एक बेअरिंग आले नाही, तर गिअरबॉक्स ‘जवळजवळ’ तयार झाला असे म्हणता येत नाही. तो तयार झालेला नसतो.

म्हणून चांगला नियोजक काम सुरू करण्यापूर्वी सामानाची पूर्ण यादी हातात घेतो आणि प्रत्येक नगापुढे तीन गोष्टी लिहितो : हाताशी किती, वाटेवर किती, आणि वाटेवरचे कोणत्या दिवशी पोचणार. ‘येईल दोन-चार दिवसांत’ हे उत्तर तो लिहून घेत नाही. आणि हाताशी किती हे वहीतून न उतरवता गोदामात जाऊन पाहतो. वहीत ३००० पोती आणि थप्पीत २६००, असे घडते. तो फरक नेमका ट्रक दारात उभा असताना कळावा, यापेक्षा दुसरी नामुष्की नाही.

उसंत ठेवा, पण एकाच ठिकाणी

कोणतेही यंत्र पूर्ण क्षमतेने, एक मिनिटही न थांबता चालेल असे धरून तारीख देऊ नये. काट्याचे उदाहरण घ्या. एका गाडीला पाच मिनिटे, म्हणजे तासाला १२ गाड्या. तासाला १२ गाड्याच येतील अशी योजना केली तर कागदावर सारे जुळते. पण गाड्या काही घड्याळ लावून येत नाहीत. एखादा पाव तास काटा रिकामा जातो आणि मग आठ गाड्या एकदम येतात. जो वेळ रिकामा गेला तो परत मिळत नाही, आणि रांग वाढत जाते. हेच तासाला दहा गाड्यांची योजना केली तर वाढलेली रांग ओसरायला सवड राहते. अरुंद जागेचा दहावा-आठवा हिस्सा मोकळा ठेवणे हा आळस नव्हे, ती शहाणपणाची किंमत आहे.

पण ही सवड ठेवण्यातही एक गंमत होते. लग्नात पाहा. मुहूर्त दुपारचा. मुलाचे वडील वऱ्हाडाला सांगतात, तासभर आधी या. मामा आपल्या घरी सांगतो, त्याच्या तासभर आधी निघायचे. बसवाल्याला आणखी तासभर आधीची वेळ. बसवाल्याला हे सगळे ठाऊक असते, म्हणून तो दोन तास उशिरा येतो. वेळ सर्वांनी वाढवून सांगितली आणि वेळेवर कोणीच आले नाही!

कारखान्यात प्रत्येक खाते आपापल्या पोटात एकेक दिवस लपवून ठेवते. मग खरी तारीख कोणती हेच कोणाला कळत नाही आणि तारखेची भीती उडून जाते. त्यापेक्षा प्रत्येकाने आपली खरी वेळ सांगावी आणि उसंत सर्वांची मिळून शेवटी, एकाच ठिकाणी, उघडपणे ठेवावी. माझ्या त्या मागणीत खरा हिशेब नऊ दिवसांचा होता. वर दोन दिवस उसंत धरून मी अकरावा दिवस सांगायला हवा होता. व्यापारी कदाचित कुरकुरला असता. पण त्याने ट्रक अकराव्या दिवशी पाठवले असते आणि ते त्याच दिवशी भरून गेले असते.

तातडीचा पाहुणा

‘एवढे एक काम आधी करून द्या’ असा आग्रह करणारे गिऱ्हाईक सर्वांना भेटते. कधी कधी त्याची अडचण खरी असते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या धंद्यात लगीनसराईत हे हमखास घडते. लग्नाची तारीख काही पुढे ढकलता येत नाही. तातडीचे काम घेऊच नये असे नाही. पण ते घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हे आधी केले तर मागे कोण ढकलला जाईल?

ज्याला मागे ढकलायचे त्याचे नाव लिहावे, त्याची नवी तारीख काढावी आणि त्याला त्याच दिवशी कळवावे. एवढे करायची तयारी नसेल तर तातडीचे काम घेऊ नये. आणि असे काम घेण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. विक्री खाते एकाला शब्द देते, गोदामवाला दुसऱ्याला, वरून कोणाची चिठ्ठी येते. मग सगळेच तातडीचे झाले की तातडी या शब्दाला अर्थ उरत नाही.

भिंतीवरचा तक्ता आणि रोजची दहा मिनिटे

हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअराने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कामाचे तक्ते लोकप्रिय केले. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर कामे, आणि प्रत्येक कामापुढे ते केव्हा सुरू होऊन केव्हा संपणार याची पट्टी. आजही याहून सोपे साधन नाही. हा तक्ता साहेबांच्या टेबलाच्या खणात ठेवू नये. ज्याला काम करायचे त्याला जाता-येता दिसेल अशा भिंतीवर लावावा.

रोज सकाळी गाळप, पॅन, गोदाम, विक्री आणि वाहतूक यांच्या माणसांनी तक्त्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे. बसू नये, बसले की चहा येतो. प्रश्न तीनच : येत्या चार दिवसांत कोणाचा माल जायचा आहे? त्यांतल्या कोणाला धोका आहे? तो टाळायला आज कोण काय करणार?

धोका दिसला की तारखेच्या आधी गिऱ्हाइकाला कळवावे. दोन दिवस आधी कळले तर तो आपले ट्रक दुसरीकडे वळवतो. दारात आल्यावर कळले तर शिव्या देतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

महिनाअखेरीस एक आकडा काढावा : जेवढ्या तारखा दिल्या त्यांतल्या किती पाळल्या? येथे एक पळवाट बंद केली पाहिजे. तारीख चुकतेसे दिसले की नवी तारीख लिहायची आणि ती पाळली की ‘वेळेवर’ म्हणून खूण करायची, असा रिवाज पडतो. तो सोडून द्यावा. हिशेब पहिल्या तारखेचाच करावा. मग प्रत्येक उशिरापुढे कारण लिहावे : सामान नव्हते, यंत्र बंद, ट्रक आला नाही, तारीखच चुकीची दिली. तीन-चार महिन्यांत एखादे कारण सर्वांत जास्त वेळा आलेले दिसेल. त्या एकाच्या मागे लागावे. सगळी कारणे एकदम सुधारायला निघालेला माणूस एकही सुधारत नाही.

संगणक तारीख देतो, पण…

आता बहुतेक ठिकाणी संगणक आहे आणि तो क्षणात तारीख सांगतो. पण त्याला आपण काय शिकवले ते पाहिले पाहिजे. सामानाचे नियोजन करणाऱ्या संगणकी पद्धती १९७० च्या दशकात कारखान्यांत रुळल्या. त्यांच्या साध्या मांडणीत प्रत्येक कामाला ठरावीक दिवस लागतात असे धरलेले असते. रांगेत दहा कामे असोत की शंभर. म्हणजे माझा तो फोनवरचा गुणाकारच, फक्त जास्त वेगाने! अरुंद जागेची खरी क्षमता, आधी दिलेले शब्द आणि खरी शिल्लक या तीन गोष्टी रोज नीट भरल्या तर संगणक उत्तम चाकर. नाही भरल्या तर तो आपली चूक छापून देतो, आणि छापलेली चूक लोकांना खरी वाटते.

सभासदांनी काय करावे?

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे सारे नोकरवर्गाचे काम झाले. पण या सगळ्या हिशेबाचा पहिला आकडा आपल्या शेतातून येतो.

१) लागणीची नोंद करताना तारीख, जात आणि क्षेत्र खरे लिहून द्यावे. तोडीचा नंबर लवकर लागावा म्हणून तारीख पंधरा दिवस मागे टाकली, तर कागदावर पक्व असलेला ऊस शेतात कच्चा असतो. उतारा पडतो, आणि मग पोत्यांचा अंदाज तेवढाच चुकतो.

२) तोडीची चिठ्ठी येण्याआधी ऊस तोडू नये, आणि जाळून तर मुळीच आणू नये. जळका ऊस लवकर खराब होतो. तो आधी घ्यावा लागतो, म्हणजे रांगेतला दुसऱ्या कोणाचा तरी चांगला ऊस मागे पडतो. तोही सभासदच.

३) हलक्या धानाची कापणी आणि उसाची तोडणी यांची गाठ पडते तेव्हा मजुरांची टंचाई होते. आपल्या घरची कापणी कोणत्या आठवड्यात आहे हे गटाच्या कर्मचाऱ्याला आधी सांगून ठेवावे. आधी कळलेली अडचण नियोजनात बसते; आयत्या वेळी कळलेली बसत नाही.

४) पांदण रस्ता, बैलगाडीची वाट, कालव्याच्या पाण्याची पाळी यांमुळे गाडी निघणार नसेल, तर तेही अगोदर कळवावे.

५) सर्वसाधारण सभेत उतारा किती, गाळप किती, भाव किती, हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : यंदा गिऱ्हाइकांना दिलेल्या तारखांपैकी किती पाळल्या? हा प्रश्न दरवर्षी कोणी तरी विचारणार आहे हे माहीत असले, म्हणजे तो आकडा कोणी तरी वर्षभर लिहून ठेवतो.

शेवटी एक सांगतो. त्या प्रकरणानंतर मी टेबलावर एक छोटी वही ठेवू लागलो. तारीख मागणारा फोन आला की मी म्हणतो, ‘अर्ध्या तासाने सांगतो.’ मग वहीत चार ओळी लिहितो : अरुंद जागा कोणती, तिच्यापुढे आधीचे काम किती, सामान पुरे आहे का, उसंत किती. चार ओळी लिहून झाल्या की फोन करतो. गिऱ्हाइकाला अर्धा तास थांबावे लागते. त्या साकोलीच्या ड्रायव्हरला मात्र पुन्हा आवारात चूल मांडावी लागलेली नाही.